सोलरचा तांब्याचा पाइप गळतोय? असं करा सोल्डर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं नवीन घरांत आता सगळं सीपीव्हीसीच (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप), पण बऱ्याच जुन्या सोलर वॉटर हीटरची लाइन तांब्याची असते, एल्बोजवळ (पाइप वळवणारा जोड) हिरवा डाग धरून टपटप सुरू झालं की "लाइनच बदलूया की" म्हणणारेच जास्त भेटतात. एका जॉइंटपायी लाइन कशाला बदलायची?

सगळ्यात महत्त्वाचं, पाइप आतून कोरडा पाहिजे. आत पाणी राहिलं की गॅस टॉर्चची सगळी आच त्याची वाफ करण्यात जाते, तांबं शंभर डिग्रीच्या आसपासच अडकतं, आणि लेड-फ्री (बिनशिशाचं) सोल्डर, म्हणजे जोड भरायची धातूची वायर, वितळायला सव्वादोनशेच्या आसपास लागतं, मग लोक म्हणतात वायरच खराब निघाली. म्हणून सकाळी लवकर, पॅनेल तापायच्या आत कामाला लागा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, खालचा नळ उघडा आणि शेवटपर्यंत उघडाच ठेवा, वाफेला वाट मिळते. जुना व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, थेंब थेंब येतच राहतो, तिथं लादी पावाचा आतला मऊ भाग (कड नको) पाइपात बोटानं सरकवा, तेवढा वेळ पाणी धरून ठेवतो आणि नंतर विरघळून नळातून निघून जातो. नळाची जाळी तेवढी आधी काढा.

खराब तुकडा पाइप कटरनं कापा, टोकं आणि नव्या एल्बोची आतली बाजू सँडपेपरनं गुलाबी चमक येईपर्यंत घासा, मग तिथं बोट लावू नका, हाताचं तेल लागलं तर सोल्डर धरत नाही. फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) पातळ हात, एल्बो फिरवत बसवा.

टीव्ही रिपेअरवाल्याची 60/40 वायर अजिबात नको, त्यात 40 टक्के शिसं असतं आणि हेच पाणी स्वयंपाकघरात जातं. लेड-फ्रीच मागा.

पाइपावरचा जवळचा फोम काढा, भिंतीला ओलं गोणपाट लावा, पाण्याची बादली शेजारी ठेवा, प्लास्टिकची टाकी जवळ असेल तर जास्तच सांभाळून. ज्योत एल्बोवर फिरवा, वायरवर नाही. फ्लक्स चरचरला की ज्योतीच्या विरुद्ध बाजूला वायर टेकवून बघा, तांब्याच्या आचेनं वितळली तर ज्योत बाजूला घ्या, सोल्डर फटीत आपोआप ओढलं जातं, वरच्या दिशेलासुद्धा. 15 मिमी पाइपच्या एका जोडाला साधारण 15 मिमीच वायर पुरते. कडेला चंदेरी रिंग पूर्ण दिसली की हात काढा, चमक मंद होईपर्यंत हलवू नका, वर पाणीही ओतू नका. गार झाल्यावर ओल्या फडक्यानं फ्लक्स पुसा, राहिलं तर तांबं खातं.

पाणी सोडल्यावर पाझरलंच तर वरून थापू नका, पुन्हा रिकामं करून, गरम करून, जॉइंट उघडून साफ करा. गळती पॅनेलच्या आतल्या नळ्यांची असेल तर मात्र टॉर्च खाली ठेवा, ते ब्रेझिंगचं (याहून जास्त आचेवरच्या जोडणीचं) काम, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणी करतंय का विचारा.