हवाई दलातील वरिष्ठ अधिकाऱ्याची कारकीर्द कशी वाचावी

हवाई दलाच्या एखाद्या कमांडचा, म्हणजे मोठ्या विभागाचा, प्रमुख बदलला की नव्या अधिकाऱ्याचा अल्पपरिचय प्रसिद्ध होतो आणि बहुतेकांची नजर हुद्दा व पदके यांवरच थांबते. कारकीर्द खऱ्या अर्थाने कळते ती नेमणुकांमधून. म्हणून प्रत्येक नेमणुकीपाशी थांबून, तेथे त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली प्रत्यक्ष दल होते की तो मुख्यालयात नियोजन करत होता, हे आधी पाहावे.

प्रथम कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) मिळाल्याचे वर्ष आणि शाखा नोंदवावी. अधिकारी वैमानिक असल्यास त्याने लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर यांपैकी काय चालवले, हे समजल्याशिवाय उड्डाणाच्या तासांची तुलना करू नये. लढाऊ विमानाची एकेक फेरी सहसा छोटी असल्याने त्या वैमानिकाचे तास कमी दिसतात. त्यावरून त्याचा अनुभव तोकडा ठरत नाही.

त्यानंतर स्क्वाड्रनचे, म्हणजे विमानांच्या तुकडीचे, नेतृत्व शोधावे. माझ्या मते परिचयातील सर्वांत बोलकी ओळ हीच असते, कारण वैमानिक, तंत्रज्ञ आणि विमाने यांची थेट जबाबदारी अधिकाऱ्यावर येथे येते. कोणते विमान, कोणता तळ आणि कोणता काळ, हे तिन्ही तपशील एकत्र वाचावेत. अर्जन सिंग यांनी 1944 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, इंफाळच्या आघाडीवर क्रमांक 1 स्क्वाड्रनचे नेतृत्व केले आणि त्याच वर्षी त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. वीस वर्षांनी ते हवाई दलप्रमुख झाले.

हुद्दा नेहमी वर्षासह वाचावा. 1965 चे युद्ध झाले तेव्हा अर्जन सिंग एअर मार्शल होते; दलप्रमुखाचा हुद्दा एअर चीफ मार्शल असा उंचावला गेला तो 1966 मध्ये, आणि मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स हा सन्मान त्यांना 2002 मध्ये मिळाला.

पदकांबाबतही घाई नको. परम विशिष्ट सेवा पदक प्रदीर्घ व उच्च दर्जाच्या सेवेसाठी असते, तर वीर चक्र शत्रूसमोरील शौर्यासाठी. वायुसेना पदक मात्र शौर्य आणि कर्तव्यनिष्ठा या दोन्हींसाठी दिले जाते, त्यामुळे ते कशासाठी मिळाले हे तपासावे.

कमांडचे नावही नीट पाहावे. नागपूरला मुख्यालय असलेली मेंटेनन्स कमांड दुरुस्ती आणि सुट्या भागांचा पुरवठा सांभाळते, त्यामुळे तिच्या प्रमुखाची कारकीर्द लढाऊ वैमानिकाच्या मापाने मोजू नये.