इंदूरचा पिनकोड हातानं कसा फोडायचा: ४५२००१

इंदूर जीपीओचा पिनकोड ४५२००१, आपण तो फॉर्मात भरतो, पार्सलवर लिहितो, पण संख्या म्हणून त्याच्याकडे कोणी बघतच नाही. तर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, कागद-पेन घ्या, त्याचे मूळ अवयव काढू.

सोपं ते आधी उरकून टाका. शेवटी १ आहे म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १२, म्हणून ३ नं भाग जातो पण ९ नं जात नाही, आणि इथेच कळलं की हा पूर्ण वर्ग नाही, वर्ग असता तर ३ जोडीनं आला असता ना.

आता खरी मजा. ७, ११, १३ च्या कसोट्या वेगवेगळ्या पाठ करत बसू नका भिया, ७×११×१३ = १००१ एवढंच लक्षात ठेवा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा, ४५२ आणि ००१, वजाबाकी करा, आले ४५१. असं चालतं कारण ४५२००१ म्हणजे ४५२ वेळा १००१ आणि त्यातून ४५१ कमी. आता ४५१ = ११×४१, म्हणजे ११ नं भाग जातो, ७ आणि १३ नं नाही. त्या ४१ ला भुलू नका हं, तो ४५१ चा अवयव आहे, पिनकोडचा नाही. तेच गट मिळवले तर ४५३, त्यावरून ३७ तपासायचा, कारण ९९९ = २७×३७. तोही जात नाही.

३ आणि ११ काढून टाकले की उरतात १३६९७. इथे शॉर्टकट नाही, सरळ घासायचं. वर्गमूळ ११७ च्या जरा वर, म्हणून ११३ पर्यंतच्या, अजून न तपासलेल्या मूळ संख्या बघायच्या (११ सुद्धा परत), एकूण २४ भागाकार, आणि शेवटाकडे १०७ नं भागल्यावर बाकी १ उरते तेव्हा अक्षरशः चिडायला होतं. कोणीच जात नाही, १३६९७ मूळ संख्या निघते.

म्हणजे ४५२००१ = ३×११×१३६९७. विभाजक २×२×२ = ८. त्यांची बेरीज ४×१२×१३६९८ = ६,५७,५०४, त्यातून स्वतः संख्या वजा केली तर २,०५,५०३, निम्म्याहूनही कमी.

अजून एक, ४ नं भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, हा फर्मा या गणितज्ञाचा नियम. १३६९७ मध्ये १ उरतो, शोधलं तर ८९² + ७६² सापडतं. अख्खा पिनकोड मात्र असा लिहिता येत नाही, ३ आणि ११ हे ४ नं भागल्यावर ३ उरवणारे, आणि एकेकदाच आलेत.

आता इंदूरच्याच विजयनगरचा ४५२०१० घ्या, फक्त ९ नं पुढे. ४५२ − १० = ४४२ = १३×३४, म्हणजे १३ लगेच सापडला, आणि पुढे सगळा फुटतो: २×३×५×१३×१९×६१. विभाजक ६४, आणि स्वतःला सोडून त्यांची बेरीज ७,९७,९१०, म्हणजे पिनकोडच्याच पावणेदोन पटीपेक्षा जास्त!