खोटं प्रतिज्ञापत्र: अवमान याचिका की कलम ३७९चा अर्ज?

समोरच्याने शपथेवर खोटं लिहून दिलं की पक्षकाराचं पहिलं वाक्य ठरलेलं: "अवमान याचिका टाका." खोटं प्रतिज्ञापत्र हा फौजदारी अवमान होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने धनंजय शर्मा प्रकरणात १९९५ साली सांगितलंय. पण त्यासाठी उच्च न्यायालयात जायचं, तेही महाधिवक्त्यांची (राज्य सरकारच्या सर्वोच्च वकिलांची) लेखी संमती घेऊन आणि वर्षाच्या आत. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही. न्यायालयाला दिलेली हमी मोडली असेल तर तो दिवाणी अवमान. तिथे ही संमती लागत नाही.

नुसत्या खोट्या कथनासाठी बरी वाट म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९चा अर्ज (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३४०). न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. पोलीस ठाण्यात खेटे घालू नका: याच संहितेच्या कलम २१५मुळे ही तक्रार न्यायालयानेच लेखी करावी लागते. म्हणून अर्ज ज्या न्यायालयात खोटं बोललं गेलं तिथेच.

पोटगीचं प्रकरण घ्या. प्रतिज्ञापत्राच्या परिच्छेद ७मध्ये लिहिलंय, 'माझे मासिक उत्पन्न १२,००० रुपये आहे.' त्याची प्रमाणित नक्कल काढा. अर्जात वाक्य जसंच्या तसं, निशाणी क्रमांक (न्यायालयाने त्या कागदाला दिलेला) आणि शपथेची तारीख टाका. त्याखाली त्याच महिन्यात खात्यावर जमा झालेला ४८,०००चा पगार दाखवा. आदल्या वर्षीचा पगार दाखवलात तर मधे नोकरी गेली होती, असं उत्तर येतं आणि अर्ज तिथेच बसतो. व्हॉट्सअॅपवर आलेल्या पगारपत्रकाचा फोटोही टिकत नाही. बँकेला किंवा मालकाला कागद हजर करण्याचा आदेश मागा. इलेक्ट्रॉनिक नोंद स्वतः देत असाल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र (ती नोंद कशी काढली, हे सांगणारं) जोडा.

चूक आणि खोटं यांतला फरक दाखवणं सगळ्यात अवघड. समोरच्याला खरी रक्कम माहीत होती, हे त्याच्याच सहीच्या कागदातून निघायला हवं, उदाहरणार्थ आयकर विवरणपत्रातून. 'उत्पन्न पुरेसे नाही' हे मत झालं, त्यावर अर्ज करू नका. उलटतपासात साक्षीदार गडबडला, एवढ्यावरही भागत नाही. दहा विसंगतींपेक्षा निकालावर परिणाम करणारी एक धरा. पाल्हाळ लावलं की न्यायाधीशांना तो सूड वाटतो, आणि बऱ्याचदा असतोही.

खोटं सिद्ध दिसलं तरी तक्रार करणं न्यायहिताचं आहे, असं न्यायालयाला वाटावं लागतं. त्यामुळे त्या कथनाने हुकूम कसा बदलला, हे दोन-तीन ओळींत लिहा. प्राथमिक चौकशी घ्यायची की नाही, हे न्यायालय ठरवतं. ती बंधनकारक नाही, असं जसबीर सिंग प्रकरणात २०२२ साली ठरलं. अर्ज अंतिम निकालाबरोबर ऐकू, असं बरेचदा सांगतात. तेव्हा तो प्रलंबित असल्याची नोंद रोजनाम्यात (न्यायालयाच्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीत) आली का, ते बघा. नामंजूर झालाच तर कलम ३८०खाली वरिष्ठ न्यायालयात अपील आहे.