जुन्या मिक्सरचा कपलर: आधी आटे ओळखा, मग लोहार चाळ गाठा

‘भंगारात टाका, नवीन घ्या’ असं सांगणाऱ्यांनी आधी त्या नव्या मिक्सरात सुक्या खोबऱ्याचं वाटण करून दाखवावं. आमच्याकडे आईचा सुमीत मिक्सर अजून चालतो. गंमत म्हणजे सुमीतचा जन्मच सुट्या भागांच्या रडगाण्यातून झाला. घरचा जर्मन मिक्सर जळला, इथे दुरुस्त होईना, म्हणून इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३च्या सुमारास स्वतःच मोटर बनवायला घेतली.

मिक्सर एकदम मुका झाला असेल तर बाजारात पळण्याआधी बुडाशी असलेलं लाल बटण दाबून पाहा. जार गळत असेल तर रबरी वायसर बदला. ठिणग्या उडत असतील तर बहुधा कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन तुकडे, घासलेत. दोन्ही एकदम बदला, फक्त रुंदी आणि जाडी जुळवा. लांबी मोजू नका, जुना झिजलेलाच असतो.

खरी डोकेदुखी कपलरची, म्हणजे मोटर आणि जार जोडणाऱ्या दातेरी तुकड्यांची: एक मोटरवर, एक प्रत्येक जारच्या बुडाशी. मोटर घरघरते, पाती जागची हलत नाहीत, म्हणजे कपलरचे दाते गेले. माझा पहिला कपलर मी पक्कड लावून उलट्या बाजूने पिळला आणि शाफ्टवरच, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावरच, तुकडे केले. ‘सगळे उलट्या आट्यांचे असतात’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मिक्सर जार न लावता चालवून बंद करा आणि थांबता थांबता कपलर कुठल्या बाजूला फिरतोय ते पाहा. मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने तिचा कपलर सुटतो. उलट्या दिशेने तो चालता चालता घट्ट होत गेलेला असतो.

आता प्लग काढा. खालचं झाकण उघडलं की बऱ्याच मिक्सरांत शाफ्टच्या टोकाला खाच दिसते. त्यात स्क्रूड्रायव्हर अडकवून शाफ्ट धरा आणि वरून कपलर फिरवा. हलत नसेल तर मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. हातोडी अजिबात नको, शाफ्ट वाकला तर मोटरच गेली. जारचा कपलर काढताना पाती जाड फडक्यात धरा. जार पालथा धरला की तोही डोळ्यांना त्याच बाजूला सुटताना दिसतो.

दुकानात नेहमी जुना तुकडा न्या, फोटो नको. मी एकदा फोटो दाखवून कपलर आणला. दाते जुळले, आटे जुळले नाहीत, आणि विरारहून दुसरी फेरी पडली. काउंटरवरच जुन्याशेजारी नवा ठेवून दात्यांची संख्या आणि उंची बघा. बुटका निघाला तर जारला पकडणार नाही, उंच निघाला तर जार बसणार नाही. शक्य असेल तर मिक्सरचा खालचा मोटरवाला भागच पिशवीत घालून न्या. नवा कपलर बोटांनी तीन-चार आटे सरळ चढला पाहिजे. दुसऱ्याच आट्याला अडला तर परत द्या. ‘घट्ट केला की बसतो’ म्हणणाऱ्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडा. जुन्या घडणीचा मिळतच नसेल तर मोटरचा आणि सगळ्या जारचे कपलर एकाच घडणीचे घ्या. एकट्या मोटरचा बदललात तर तिन्ही जार बाद.

हे मिळतं कुठे? आधी गल्लीतल्या मिक्सरवाल्याकडे, त्याच्या फळीवर मेलेल्या मिक्सरांचा ढीग असतो. तिथे नाही तर मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा विजेच्या सामानाचा बाजार, लोहार चाळ, पण रविवारी नको. स्विच किंवा कपॅसिटर हवा असेल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. जार किंवा झाकणच हवं असेल तर चोर बाजारात अख्खा बंद मिक्सर शोधा, तिथे शुक्रवारी दुकानं बंद असतात.

बसवल्यावर रिकामा जार पाच सेकंद फिरवा, मग पाणी घालून. खडखड आली तर कपलर नीट बसलेला नाही. पहिल्या दिवशी खोबरं नको, कोथिंबिरीची पातळ चटणी करा.