शिडाच्या जुन्या होडीतल्या फटी लगेच बुजवू नका
सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवलेल्या होडीच्या फळ्या सुकून आकसतात, नखभर फटी दिसतात. एपॉक्सी (सुकल्यावर कडक होणारा चिकट राळ) भरून मोकळं व्हावंसं वाटतंच. नको! फळ्याफळ्यांची होडी पाण्यात उतरली की लाकूड पुन्हा फुगतं. कडक भरण दबत नाही, मग खिळे सैल होतात, फळ्यांना आतून आधार देणारी एखादी फासळीही तडकते.

आधी टोच्याने खिळ्यांभोवतीचं लाकूड टोचा. टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग बदलायचाच. मग फटीत सुताची वात बेताने ठोकून वर मऊ पुटी. मुंबईच्या मढ-वेसाव्याकडे लाकडी होड्यांचा जुना सुतार भेटला, तर त्याचा हात बघून घ्या. रंग मुंबईत पावसाळ्यानंतरच; दमट लाकडावरचा रंग फोड येऊन सुटतो. उतरवण्याआधी दोन-तीन दिवस ओली गोणपाटं पांघरा.