एमटीबीला (माउंटन बाइकला) काढता-घालता येणारं मडगार्ड घेताय? या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की पुण्यातल्या सायकलवाल्यांना मडगार्डची आठवण होते. वेताळ टेकडीवर चिखल, सिंहगडाच्या घाटात रस्त्यावरून वाहणारं पाणी, हिंजवडीला ऑफिसात जाताना डबकी. घरी पोचेपर्यंत कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ उमटलेली असते. मग घाईघाईने ‘सगळ्या एमटीबींना बसतं’ असं लिहिलेला सेट घेतला जातो, आणि चूक होते ती इथेच. आधी आपल्या सायकलची मापं घ्या. पुढचं आणि मागचं मडगार्ड एकाच सेटमधलं असायला हवं असंही काही नाही.

टायरच्या बाजूला 57-584 असा आकडा छापलेला असतो. त्यातला 57 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, साधारण सव्वादोन इंच. 584 म्हणजे चाक साडेसत्तावीस इंची; 29 इंचीवर 622 असतं, 26 इंचीवर 559. मडगार्ड टायरपेक्षा रुंद हवं. रोड किंवा हायब्रिड सायकलसाठीचं अरुंद मडगार्ड दिसायला छान दिसतं, पण दोन्ही बाजूंनी उडणारं पाणी ते अडवत नाही.

पुढच्या मडगार्डची निवड सर्वात काळजीपूर्वक करा, कारण पुढचं चाक अचानक अडकलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. काढता येणारे तीन प्रकार मिळतात. पहिला डाउनट्यूबवर (हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या फ्रेमच्या नळीवर) रबरी पट्ट्यांनी बांधायचा. तो क्षणात निघतो आणि पाय कोरडे ठेवतो, पण वेगात चाकावरून पुढे उडालेलं पाणी तोंडावर येतंच. दुसरा फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) कमानीला वेल्क्रो किंवा झिप टायने (प्लास्टिकच्या आवळपट्टीने) बांधायचा छोटा प्लास्टिकचा पत्रा. तो चाकाबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे सस्पेन्शन दबलं तरी टायरपासूनचं अंतर बदलत नाही. डोळ्यांत जाणारा चिखल हाच अडवतो, आणि टेकडीवर चालवणाऱ्यांना मी हाच सुचवते. तिसरा फोर्कच्या क्राउनला (दोन्ही दांडे जोडणाऱ्या वरच्या भागाला) खालून, स्टिअरर ट्यूबमध्ये (तिथून हँडलकडे जाणाऱ्या नळीत) बसणारा लांब प्रकार. आडोसा उत्तम, पण तो वरच राहतो आणि चाक त्याच्याकडे सरकतं. फोर्कची हालचाल 100 मिलिमीटर असेल तर टायर आणि मडगार्ड यांच्यात त्याहून जास्त मोकळी जागा लागते. दुकानात सायकल उभी असताना सगळं ठीक वाटतं. टायर घासतो तो खड्ड्यात.

फोर्कला बांधताना ब्रेकची होज (नळी) झिप टायमध्ये आवळली गेली नाही ना, हे बघा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. साधे झिप टाय दर वेळी कापावे लागतात, त्यामुळे काढ-घाल करायची असेल तर वेल्क्रो किंवा पुन्हा उघडणारे टाय घ्या.

मागचं मडगार्ड सहसा सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) क्लॅम्पने लागतं. खडबडीत वाटेवर ते एका बाजूला फिरतं, ही नेहमीची तक्रार. स्क्रू आणखी आवळत बसू नका. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून क्लॅम्पखाली गुंडाळला की पकड बसते. कार्बनच्या सीटपोस्टवर तर जोर लावूच नये. ड्रॉपर पोस्ट (चालवताना बटणाने वर-खाली करता येणारा सीटचा दांडा) असेल तर त्याच्या वर-खाली होणाऱ्या चकचकीत भागावर क्लॅम्प बसवणं म्हणजे पोस्टची वाट लावणं. तिथे सीटच्या रुळांना (सीटखालच्या दोन सळ्यांना) अडकणारं मडगार्ड हवं. फ्रेम छोटी आणि सीट खाली असेल, तर सीट आणि टायर यांच्यात जागा उरते का तेही मोजा. मागे सस्पेन्शन असेल तर शॉकमधली हवा काढून सीट दाबा, म्हणजे टायर कुठवर येतो ते कळेल; मात्र आधी प्रेशर लिहून ठेवा आणि शॉक पंप जवळ असू द्या. सीटखालची पिशवी आणि मागचा दिवा झाकला जातो का, हेही त्याच वेळी पाहा.

टेकडीवरच्या मुरमात पाणी लवकर मुरतं, तिथे मडगार्ड त्रास देत नाही. शहराच्या पूर्वेकडच्या शेतवाटांवरची काळी माती वेगळी. ती टायरला चिकटते, टायर आणि मडगार्ड यांच्यात ठासून भरते आणि चाक फिरेनासं होतं. अशा वाटेवर जाण्याआधीच पुढचं मडगार्ड काढून पाठीवरच्या पिशवीला बांधा. हत्याराशिवाय काढता येणाऱ्या मडगार्डचा खरा उपयोग अशा वेळी होतो, त्यामुळे ॲलन की (षटकोनी चावी) लागणारं घेऊ नका.

पट्ट्याखाली वाळू अडकली की फ्रेमचा रंग घासला जातो. म्हणून तिथे आधीच पारदर्शक संरक्षक टेप लावा. वेल्क्रो धरेनासं झालं तर बदलण्याची घाई नको. त्याच्या बारीक हुकांमध्ये वाळलेली माती असते. जुन्या टूथब्रशने घासून धुतलं की बहुतेक वेळा ते पुन्हा घट्ट धरतं.