नीटचे गुण वाढवायचेत? आधी चुकलेले प्रश्न मोजा

मे महिन्यातला रविवार, दुपारचे दोन. जळगाव-भुसावळकडे त्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही, आणि नेमकी तेव्हाच नीट, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा, सुरू होते. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला शिकवतो. पहिल्या सराव परीक्षेत मार्क कमी पडले की पालक विचारतात, "सर, क्लाससाठी लातूरला टाकू का राजस्थानात कोट्याला?" केळीचे पैसे तिकडे वळवण्याआधी झेरॉक्सच्या खर्चात होणारं एक काम करून बघा, एवढंच माझं म्हणणं असतं.

पायरी १ : पूर्ण पेपर, घड्याळ लावून

अर्धा आज, अर्धा उद्या असं चालणार नाही. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. जुने पेपर घेताना एक लक्षात ठेवा. २०२१ ते २०२४ च्या पेपरांत २०० प्रश्न होते आणि त्यातले १८० सोडवायचे होते. पर्यायी प्रश्नांची ही सोय २०२५ पासून गेली. शिवाय २०२४ पासून अभ्यासक्रमातले काही भाग वगळले आहेत, त्यामुळे जुन्या पेपरातला एखादा प्रश्न डोक्यावरून गेला तर आधी तो भाग अजून अभ्यासक्रमात आहे का ते बघा.

ओएमआर शीटची, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेची, झेरॉक्स काढा आणि गोळे पेनानेच भरा. सोडवताना प्रश्नपत्रिकेच्या समासात एक खूण करत चला. खात्री असेल तर टिक, दोन पर्यायांत अडकलात तर '२', आणि नुसता तुक्का मारला तर 'तु'. या खुणेचा कंटाळा केला तर पुढचं काहीच जमत नाही, कारण निकाल कळल्यावर प्रत्येक जण म्हणतो, "सर, माले येत व्हतं!"

पायरी २ : चुकांची वर्गवारी

माझ्या वर्गातल्या एका मुलीचा पेपर सांगतो. तिने १७१ प्रश्न सोडवले, १०४ बरोबर, ६७ चूक. म्हणजे ४१६ वजा ६७, हातात ३४९. घरी सगळ्यांचा सूर एकच, 'अभ्यास वाढव'. आम्ही ते ६७ प्रश्न घेऊन बसलो. तुक्क्याचे २९, मुळात न येणारे १८, प्रश्न नीट न वाचल्याने गेलेले ११, आकडेमोड किंवा एककात घसरलेले ९.

शेवटचे दोन ढीग बघा. २० प्रश्न तिला येत होते. येणारा प्रश्न चुकला की चार जातात आणि वर एक दंड, म्हणजे पाच. वीस पाचे शंभर. नवीन धडा न उघडता ३४९ चे ४४९ होऊ शकले असते! ही वर्गवारी करायला आम्हाला दोन तास लागले, आणि मी म्हणेन की त्या आठवड्यातला तोच खरा अभ्यास.

पायरी ३ : ढिगाप्रमाणे इलाज

वाचनाच्या चुकांचा इलाज सर्वांत सोपा. 'अयोग्य विधान ओळखा' असं विचारलेलं असतं, पहिलं विधान खरं दिसतं आणि पोरं तिथेच गोळा भरतात. पर्याय वाचण्याआधी 'अयोग्य', 'नाही', 'वगळता' या शब्दांना गोल करायचा, बस.

एककांच्या चुकांसाठी वही ठेवा. त्यात अख्खा प्रश्न उतरवायचा नाही, घसरलो कुठे ते एका ओळीत लिहायचं. त्या मुलीच्या वहीतली ओळ अशी: 'नाभीय अंतर २० सेमी, मीटर केलं नाही.' भिंगाची शक्ती काढायची तर १ भागिले ०.२, उत्तर ५ डायॉप्टर. घाईत १ भागिले २० केलं की ०.०५ येतं, आणि पर्यायांत ०.०५ दिलेलं असतंच. पेपर काढणाऱ्यांना आपल्या चुका पाठ असतात.

तुक्क्याबद्दल पोरांच्या मनात उगाच भीती असते. चार पर्यायांवर डोळे मिटून बोट ठेवलं तर चारात एक बरोबर येणार, म्हणजे चार मिळाले, तीन गेले. तोटा नाही, पण कमाईही नावालाच, चार प्रश्नांमागे एक गुण. दोन पर्याय ठामपणे खोडता आले तर मात्र प्रश्नामागे सरासरी दीड गुण पदरात पडतो. तेव्हा '२' वाले प्रश्न जरूर सोडवा. या मुलीने एकूण ३६ तुक्के मारले, ७ लागले. २८ मिळाले, २९ गेले. खरं नुकसान वेळेचं झालं. फिजिक्सचे शेवटचे ९ प्रश्न तिने बघितलेही नव्हते आणि दुसऱ्या दिवशी त्यातले ६ तिने घरी बसून सोडवले. म्हणून तुक्के सगळ्यात शेवटी.

न येणाऱ्या प्रश्नांना मात्र अभ्यासच लागतो. बालभारतीचं पुस्तक बोर्डासाठी. नीटला एनसीईआरटीचं, म्हणजे केंद्राचं, पुस्तक ओळन् ओळ, आकृतीखालच्या मजकुरासकट. बायोलॉजीचे ९० प्रश्न म्हणजे निम्मे गुण, तिथून सुरुवात करा. कापूस वेचणीत किंवा रात्री लाईट आल्यावर केळीला पाणी द्यायला जाणाऱ्या पोरांना सलग चार तास मिळत नाहीत. ती चुकांची वही त्यांच्या खिशात मावेल एवढीच असू द्या.

पायरी ४ : भाषा

दहावीपर्यंत मराठी आणि अकरावीला एकदम इंग्रजी, ही आपल्याकडची जुनी अडचण. फॉर्म भरताना मराठी निवडता येते आणि मग प्रश्नपुस्तिकेत मराठी-इंग्रजी दोन्ही असतात. भाषांतरात गोंधळ असला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. पण दोन वर्षं 'मोमेंटम' घोकलेल्या पोराला परीक्षेत 'संवेग' पहिल्यांदा दिसला तर तो अडखळणारच. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी मराठीतले दोन पेपर सोडवून बघा आणि मगच ठरवा.

पायरी ५ : उन्हातला सराव

एप्रिलपासून सगळे सराव पेपर दुपारी दोन ते पाच. जेवण हलकं, त्या वेळची झोप बंद. पंखा बंद पडला तरी उठायचं नाही. नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्याकडच्या लांबच्या पोरांनी आदल्या दिवशीच केंद्राच्या गावी मुक्कामाला जावं. दीड वाजता गेट बंद होतं आणि एसटी चुकली ही सबब तिथे चालत नाही. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चप्पल, पाण्याची पारदर्शक बाटली. पेन नेऊ नका, ते केंद्रावरच मिळतं.